बुडालेला सूर्य आणि तापलेला सडा

रत्नागिरीत मांडवीच्या जेटीवर, भाट्याच्या वाळूत किंवा थिबा पॉइंटच्या कठड्याशी रोज संध्याकाळी माणसे एकाच गोष्टीसाठी थांबतात. पश्चिमेला उघडा अरबी समुद्र आहे, मध्ये बेट नाही की डोंगर नाही. सूर्याच्या बिंबाची खालची कड पाण्याला टेकते, आणि तिथून सव्वादोन-अडीच मिनिटांत सगळे बिंब समुद्रात उतरते. पावसाळा सोडला तर हा देखावा इथल्या रोजच्या जगण्याचा भाग आहे, आणि त्याच्या खरेपणाविषयी कोणाच्या मनात शंका येत नाही. तरीही कड पाण्याला टेकलेली दिसते त्या क्षणी सूर्य तिथे नसतो. डोळ्यापासून क्षितिजापर्यंत सरळ रेषा ओढून ती पुढे नेली, तर सबंध सूर्य त्या रेषेच्या खाली गेलेला असतो. आपल्याला दिसते ती हवेने वर उचलून धरलेली त्याची प्रतिमा. आता दुसरा देखावा घ्या. त्याच रत्नागिरीत एप्रिल-मे महिन्यांत गणपतीपुळ्याकडे किंवा हातखंब्याकडे जाताना सड्यावरच्या रस्त्यावर पुढे पाणी साचलेले दिसते आणि जवळ जावे तसे ते पुढे सरकते. त्याला आपण मृगजळ म्हणतो, आणि मृगजळ म्हणजे खोटे, फसवे, हे आपल्या भाषेत इतके पक्के बसले आहे की फसव्या आशेला दुसरा शब्द शोधावा लागत नाही. या प्रकरणात मांडायचे आहे ते एवढेच: हे दोन देखावे एकाच नियमाने घडतात. पहिला खरा असेल तर दुसराही तितकाच खरा आहे. दुसरा भ्रम असेल तर मांडवीचा सूर्यास्तही भ्रमच ठरतो.

आधी सूर्याचा हिशेब करू, कारण तो कोणालाही पडताळता येतो. आपल्या जुन्या ज्योतिषाने कोन मोजायला दिलेले एकक इथे सोयीचे आहे: एका अंशाच्या साठाव्या भागाला कला म्हणतात आणि कलेच्या साठाव्या भागाला विकला. सूर्याचे बिंब आकाशात सुमारे 32 कला रुंद दिसते. क्षितिजाजवळून येणारा प्रकाश वातावरणात वळतो, आणि त्या वळणामुळे वस्तू सुमारे 34 कला वर उचललेली दिसते. बिंबाच्या रुंदीपेक्षा उचल दोन कलांनी जास्त. म्हणून खालची कड टेकलेली दिसते तेव्हा वरची कडसुद्धा जेमतेम का होईना, खाली गेलेली असते. आकाश एका मिनिटात 15 कला फिरते आणि रत्नागिरीच्या सुमारे 17 अंश अक्षांशावर सूर्य थोडा तिरका उतरतो, त्यामुळे 34 कलांचे सुमारे दोन मिनिटे वीस सेकंद होतात. सकाळी तेवढीच मिनिटे आधी सूर्य दिसतो. शाळेत आपण शिकतो की मार्चच्या 20-21 तारखेला दिवस आणि रात्र समान असतात. त्या दिवशीचे वर्तमानपत्र काढावे आणि सूर्यास्ताच्या वेळेतून सूर्योदयाची वेळ वजा करावी. उत्तर बारा तास येत नाही, बारा तास आणि सुमारे सात मिनिटे येते. यातली पावणेपाच मिनिटे हवेने दिलेली असतात. उरलेली सव्वादोन मिनिटे उदय-अस्त बिंबाच्या मध्यावरून न मोजता वरच्या कडेवरून मोजण्याच्या रूढीतून येतात. या अक्षांशावर त्या दिवसांत दिनमान रोज जवळजवळ एक मिनिटाने वाढत असते. म्हणजे दिवस-रात्र खरोखर सारखी होतात ती सुमारे आठवडाभर आधी.

हा हिशेब ऐकला की हटकून एक शंका येते, आणि ती पुष्कळ ठिकाणी उत्तर म्हणूनही सांगितली जाते. सूर्यापासून प्रकाश यायला सव्वाआठ मिनिटे लागतात, तेव्हा आपण पाहतो तो सूर्य सव्वाआठ मिनिटांपूर्वीचाच असणार. मग बुडालेला सूर्य दिसतो यात हवेचा काय संबंध? ही समजूत चुकीची आहे, आणि चूक नेमकी कुठे आहे हे पाहण्यासारखे आहे. रोजचा अस्त सूर्याच्या हालचालीने होत नाही, पृथ्वीच्या फिरण्याने होतो. सूर्यापासून निघालेले किरण अवकाशात अखंड येतच असतात. पृथ्वी फिरता फिरता आपले क्षितिज वर येते आणि त्या किरणांच्या आड उभे राहते. किरण सव्वाआठ मिनिटांपूर्वी निघाला म्हणून तो आठ मिनिटे जुन्या दिशेने येत नाही. त्या अवधीत सूर्याची जागा जवळपास तीच राहिलेली असते, फिरलेलो असतो आपण. सूर्य त्या क्षणी विझला असता तर सव्वाआठ मिनिटांचा प्रश्न आला असता. तो क्षितिजाच्या कोणत्या बाजूला आहे या प्रश्नाशी प्रवासाच्या वेळेचा संबंध नाही, हवेच्या वळणाचा आहे.

हवा प्रकाशाला वळवते ती कशी? पोकळीच्या तुलनेत समुद्रसपाटीच्या हवेत प्रकाश दहा हजारात सुमारे तीन भाग एवढाच मंदावतो. हा फरक नगण्य वाटतो, पण दाट हवेत प्रकाश अधिक मंद आणि विरळ हवेत अधिक जलद चालतो, आणि या सगळ्या प्रकरणाचे मूळ तिथेच आहे. बैलगाडीचे एक चाक घट्ट वाटेवर आणि दुसरे भुसभुशीत वाळूत असेल तर काय होते? वाळूतले चाक मागे राहते, वाटेवरचे पुढे जाते, आणि गाडी आपसूक वाळूकडे वळते. प्रकाशालाही अशी रुंदी असते. त्याच्या लाटेची एक बाजू दाट हवेत आणि दुसरी विरळ हवेत असली की दाट हवेतली बाजू मागे पडते आणि सगळी लाट दाट हवेकडे वळते. वातावरण खाली दाट आणि वर विरळ असते, म्हणून समुद्रावरून येणारा किरण पृथ्वीच्या बाजूला वाकतो आणि क्षितिजामागचा सूर्य आपल्यापर्यंत पोचतो. दोन्हींकडे दाब सारखा असेल तेव्हा थंड हवा दाट आणि गरम हवा विरळ. म्हणून हाच नियम जमिनीलगत वापरायचा तर लक्षात ठेवायला सोपा होतो: प्रकाश थंडीकडे वळतो.

आता सड्यावर येऊ. कोकणात सडा म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे, सपाट पठार. उक्षी, देवीहसोळ, कशेळी या गावांची नावे गेल्या काही वर्षांत कातळशिल्पांमुळे सर्वदूर गेली. ती शिल्पे याच सड्यांवर कोरलेली आहेत. वैशाखातल्या दुपारी हा काळपट कातळ असा तापतो की त्यावर अनवाणी पाऊल ठरत नाही. कातळाला चिकटून असलेली हवा वरच्या हवेपेक्षा 20 अंशांनी गरम आहे असे धरू. एक अंश तापमान वाढले की हवेतला प्रकाशाचा वेग दहा लाखात सुमारे एक भाग बदलतो, म्हणजे 20 अंशांत लाखात साधारण दोन भाग. एवढासा फरक किरणाला किती वळवील? गणित सांगते की जमिनीशी अंशाच्या तिसऱ्या भागापेक्षा कमी कोन करून उतरणारा किरण जमिनीला न लागता पुन्हा वर वळतो. त्याहून मोठा कोन करून उतरणारा किरण सरळ कातळावर आदळतो. उभ्या माणसाच्या डोळ्याची उंची 1.6 मीटर धरली तर हा कोन सुमारे पावणेतीनशे मीटरवर जुळतो. तिथून पुढे कातळाकडे पाहणारी आपली नजर कातळापर्यंत पोचतच नाही, वर वळून आकाशाला जाऊन भिडते. म्हणून तिथे आकाशाचा निळा-पांढरा तुकडा जमिनीवर पसरलेला दिसतो. तापलेली हवा सतत हलत असते, म्हणून तो तुकडाही लहरतो, आणि आपण म्हणतो: पाणी.

मृगजळ पुढे पुढे का पळते, याचे उत्तर या कोनातच आहे. ठरलेली आहे ती जागा नसून कोन आहे; आपण दहा पावले पुढे गेलो की त्या कोनाची जागाही दहा पावले पुढे जाते. हे खरे मानायचे तर यातून आणखी एक गोष्ट निघायला हवी: डोळा खाली आणला तर पाणी जवळ यायला हवे. ते येतेही. मोकळ्या तापलेल्या सड्यावर किंवा लांबलचक सरळ रस्त्याच्या कडेला उभ्याने पाहावे, मग उकिडवे बसावे, मग डोके गुडघ्यांच्या खाली आणावे. डोळा जमिनीपासून वीतभर उंचीवर आला की पावणेतीनशे मीटरवरचे पाणी पन्नास मीटरच्या आत येऊन थांबते. उठले की परत जाते. सिद्धान्ताने आधी सांगितलेली गोष्ट गुडघे वाकवून पाहायला मिळावी, असे प्रयोग फार नाहीत.

इथे पाठ्यपुस्तकांशी थोडा वाद घालणे भाग आहे. आपण बहुतेकांनी मृगजळ शिकले ते पूर्ण आंतरिक परावर्तनाच्या आधाराने: हवेचे थर, प्रत्येक थरात किरण थोडा वाकतो, आणि शेवटच्या थरावरून आरशासारखा परततो. उत्तरपत्रिकेला हे पुरते, पण विचार करू लागले की अडते. हवेत असा कोणताही आरसा नाही, थरांमध्ये रेषा नाहीत, बदल सलग आहे. शिवाय किरण ही नुसती रेषा मानली तर ती वाकत वाकत जमिनीला समांतर होते आणि तिथेच राहते. दोन्ही बाजूंना तिला वर ढकलणारे काही उरत नाही. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1959 साली शिवरामकृष्णन पंचरत्नम यांच्याबरोबर मृगजळाच्या प्रकाशशास्त्रावर निबंध लिहिला आणि हा प्रश्न रेषांऐवजी लाटांच्या भाषेत सोडवला. बैलगाडीचा दाखला घेतला तर मुद्दा सहज उमगतो. गाडी जमिनीला समांतर झाली तरी तिला रुंदी आहे. खालचे चाक अजूनही गरम, जलद हवेत आहे आणि वरचे थंड, मंद हवेत. खालचे पुढे जाणारच आणि गाडी वर वळणारच. नोबेल मिळवून तीन दशके होत आलेल्या शास्त्रज्ञाला रस्त्यावरच्या पाण्याचा हा शाळकरी प्रश्न पुन्हा मुळापासून तपासावासा वाटला, याचे मला मोल वाटते.

कोणी म्हणेल, हे सगळे मान्य. पण शेवटी पाणी तिथे नाहीच ना? तहानलेल्या हरणाला प्रकाशाच्या लाटांचे काय? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर आपल्याकडे फार पूर्वी दिले गेले आहे. न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनाने प्रत्यक्ष ज्ञानाची व्याख्या करताना मृगजळाचेच उदाहरण घेतले. ग्रीष्मात सूर्याचे किरण जमिनीच्या उष्म्याशी मिसळून थरथरतात, ते दूर उभ्या असलेल्याच्या डोळ्याला भिडतात आणि त्यातून ‘हे पाणी’ असे ज्ञान उपजते, असे तो सांगतो. जमिनीची उष्णता, किरणांची थरथर आणि पाहणाऱ्याचे अंतर या तिन्ही गोष्टी त्यात आहेत. कमी आहे ते फक्त वळण. त्याच्यामागून आलेल्या उद्द्योतकराने आणखी नेमके बोट ठेवले: थरथरणारे किरण तिथे आहेतच, वस्तूत खोट नाही, जे नाही ते आहे असे ठरवणाऱ्या ज्ञानात खोट आहे. मला हा भेद या सबंध विषयाची किल्ली वाटतो. सड्यावर दिसणारा निळा तुकडा खरा आहे, कारण तो आकाशाचा खरा प्रकाश आहे. ‘पाणी’ हा आपण काढलेला निष्कर्ष चुकला. प्रकाश सरळ येतो असे गृहीत धरल्यामुळे तो चुकला. आणि मांडवीवर ‘सूर्य अजून वर आहे’ म्हणताना आपण तेच गृहीत धरत असतो. फरक एवढाच की सूर्याच्या बाबतीत चूक पकडायला गणित लागते आणि पाण्याच्या बाबतीत पन्नास पावले चालणे पुरते. नेपोलियनच्या 1798 च्या इजिप्त मोहिमेत फ्रेंच सैनिक वाळवंटातल्या तळ्यांच्या मागे धावून हैराण झाले. त्यांच्याबरोबर असलेल्या गास्पार मोंज या गणितज्ञाने त्या तळ्यांचे कारण तापलेल्या हवेत शोधले. सैनिकांच्या आणि मोंजच्या डोळ्यांना दिसले ते एकच होते.

मग खरा दृष्टिभ्रम म्हणून काही उरते की नाही? उरते, आणि तो ओळखायची सोपी खूण आहे: छायाचित्र काढावे. मृगजळ छायाचित्रात येते, उचललेला सूर्यही येतो. पण कोजागरीच्या संध्याकाळी सह्याद्रीच्या अंगाने वर येणारा चंद्र जो परातीएवढा भासतो, तो छायाचित्रात नेहमीएवढाच निघतो आणि काढणारा हिरमुसतो. हवा भिंगासारखी त्याला मोठा करते ही समजूत सर्रास आढळते. प्रत्यक्षात क्षितिजावर हवा बिंबाला दाबते: खालची कड 34 कलांनी उचलली जाते, तर वरची 28-29 कलांनीच, त्यामुळे उंची जवळजवळ सहाव्या भागाने घटते आणि रुंदी तशीच राहते. मावळतीचा सूर्य चपटा दिसतो तो यामुळे. शिवाय उगवता चंद्र डोक्यावरच्या चंद्रापेक्षा आपल्यापासून सुमारे पृथ्वीच्या त्रिज्येइतका, म्हणजे सहा हजारांहून अधिक किलोमीटर, लांब असतो. तो किंचित लहानच असायला हवा. हात लांब करून करंगळीचे नख त्याच्यावर धरावे. उगवताना आणि मध्यरात्री, दोन्ही वेळा नखाआड तो सारखाच झाकतो. कागदाची सुरळी करून तिच्यातून पाहिले, म्हणजे झाडे-घरे नजरेआड केली, की परात पुन्हा वाटीएवढी होते. हे मोठेपण मेंदूने दिलेले आहे. क्षितिजाकडचे आकाश आपल्याला डोक्यावरच्या आकाशापेक्षा दूरचे वाटते हे एक कारण सांगितले जाते, पण मानसशास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही. मृगजळ आणि हा फुगलेला चंद्र यांना ‘दृष्टिभ्रम’ या एकाच शब्दात कोंबणे मला पटत नाही. एकात हवा काम करते, दुसऱ्यात मन.

सूर्यास्ताच्या बाबतीत तर हा प्रश्न पंचांगापर्यंत जातो. गणिताने आलेली वेळ आकाशात डोळ्यांनी पडताळली पाहिजे, या आग्रहाला पंचांगवादात दृक्प्रत्यय म्हणत. त्या वादाचा आणि सगळ्या भारतीय ज्योतिषाचा इतिहास ज्यांनी 1896 साली मराठीत लिहिला ते शंकर बाळकृष्ण दीक्षित दापोली तालुक्यातल्या मुरुडचे, आणि दृक्पक्षाचा पुरस्कार करणारे टिळक रत्नागिरीत जन्मलेले. पण दृक् म्हणजे नेमके काय? सिद्धान्तग्रंथांत हवेच्या वक्रीभवनाचा संस्कार नाही. आजही काही पंचांगे बिंबाचा मध्य आणि वक्रीभवनाविना क्षितिज धरून उदय-अस्त देतात, तर वर्तमानपत्रातली वेळ वरची कड आणि वक्रीभवन धरून असते. दोन्हींत सुमारे साडेतीन मिनिटांचा फरक पडतो, आणि कोणाचेही गणित चुकलेले नसते. एक सूर्य कुठे आहे ते सांगतो, दुसरा कुठे दिसतो ते.

प्रकाशाच्या या वळणाचा आवाका किती असू शकतो याचा एक विलक्षण पुरावा याच किनाऱ्यावर मिळाला. दुसऱ्या महायुद्धात मुंबईत बसवलेल्या रडारवर पावसाळ्यापूर्वीच्या दिवसांत अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी येत, हजार मैलांहून अधिक अंतरावरून. सरळ रेषेत जाणाऱ्या लहरींना पृथ्वीच्या गोलाईआड एवढे लांब दिसणे शक्य नाही. जमिनीवरून आलेली गरम कोरडी हवा समुद्राच्या दमट हवेवर पसरली की वरची बाजू विरळ आणि खालची दाट होते, आणि लहरी पृथ्वीच्या गोलाईबरोबर वाकत जातात. रेडिओ लहरींवर बाष्पाचा परिणाम प्रकाशापेक्षा कितीतरी जास्त होतो, म्हणून त्यांचे वळणही मोठे. 1597 च्या जानेवारीत उत्तर ध्रुवाकडे बर्फात अडकलेल्या विलेम बारेन्ट्सच्या डच खलाशांना सूर्य अपेक्षेपेक्षा सुमारे दोन आठवडे आधी दिसला आणि मायदेशी कोणी त्यांच्यावर विश्वास ठेवीना. तेही हेच, फक्त तिथे थंड हवेचा थर खाली होता.

डिसेंबर-जानेवारीत पाणी हवेपेक्षा थोडे उबदार असते तेव्हा मांडवीसमोरच्या समुद्रात सडा आणि सूर्यास्त एकत्र येतात. पाण्यालगतची हवा वरच्यापेक्षा गरम, म्हणजे सड्यासारखीच स्थिती, फक्त सौम्य. अशा संध्याकाळी सूर्य पाण्याला टेकण्याआधी खालून एक लाल थेंब वर येतो. ते सूर्याचे मृगजळ. थेंब आणि बिंब एकमेकांना चिकटतात, मध्ये मान तयार होते, आणि बैठकीवर ठेवलेल्या घटासारखा आकार दिसतो. मग घट खाली जातो, बैठक वर येते, आणि शेवटी दोन्हींची मिळून एक आडवी, पातळ, भिंगाच्या आकाराची चीर उरते. वळताना रंग थोडे वेगळे वळतात: हिरवा प्रकाश तांबड्यापेक्षा सुमारे 15 विकला जास्त उचलला जातो, आणि निळा वाटेतच विखरून गेलेला असतो. तेवढ्या 15 विकला बुडायला एक सेकंद लागतो. त्या सेकंदात शेवटची चीर हिरवी होऊन विझते. झ्यूल व्हर्नने 1882 साली या हिरव्या किरणावर सबंध कादंबरी लिहिली. लाल सूर्याकडे टक लावून पाहिल्याने थकलेला डोळाच हिरवे पाहतो, असा आक्षेप पुष्कळ वर्षे घेतला गेला. टक लावणे डोळ्यांना घातकच आहे आणि ते कोणीही करू नये. दुर्बिणीतून तर मुळीच नाही. पण हाच हिरवा ठिपका समुद्रातून सूर्य उगवताना पहिल्या क्षणी दिसतो, जेव्हा डोळा अजून कशानेही थकलेला नसतो. आणि व्हॅटिकनच्या वेधशाळेतल्या डॅनियल ओ'कॉनेल यांनी 1950 च्या दशकात प्रसिद्ध केलेल्या रंगीत छायाचित्रांत तो आहे, फिल्मवर, हिरवा.